त्र्यंबकला जाताय? जव्हारवरून जा!

नाशिकची सहल म्हणजे त्र्यंबकेश्वराचं दर्शन, हरिहरच्या कातळपायऱ्या आणि गंगापूर धरणाकाठचे द्राक्षमळे. पण मुंबईकरांनी त्र्यंबकला एकदा तरी जव्हार-मोखाड्यावरूनच जावं. ब्रह्मगिरीवर उगवलेली गोदावरी पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जाते, तर त्याच डोंगररांगेतली वैतरणा पश्चिमेला अरबी समुद्राकडे. पाण्याची ही विभागणी या वाटेवर समजते. जव्हारात मुकणे संस्थानिकांचा जयविलास राजवाडा आहे. १६६४च्या सुरत स्वारीत शिवाजी महाराज जिथे थांबले असं सांगतात, ते शिरपामाळही इथलंच. जामसरकडच्या उतारांवर पावसाळ्यात नाचणी-वरई डोलते.

रस्ता वळणांचा, वेळखाऊ, ही तक्रार खरी आहे. पण महामार्गावरून जाऊन वाचवलेल्या वेळात यातलं काहीच दिसत नाही. फक्त वाटेतला घाट उजेडात ओलांडा, दाभोसा धबधब्याच्या डोहात उतरू नका आणि जेवण गावातच घ्या.