बंदुकीचा पट्टा आणि आपला खांदा



शिर्डी-राहाता भागात ऊस डोक्याएवढा झाला की रानडुकरांची भीती असतेच. रात्री पाणी धरायला जाणारा परवानाधारक मग बंदूक खांद्याला अडकवून निघतो. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद १९५९ च्या शस्त्र कायद्यात आहे. पण पट्टा कसा बांधायचा, हे त्यात कोण सांगणार?

पट्ट्याला दोन कड्या : एक नळीखाली, दुसरी दस्त्याखाली. निघताना दोन्ही ओढून पाहा. चामडे तडकले असेल तर बदला. लांबी अशी ठेवा की बंदूक पाठीला धरून राहील, हिंदकळणार नाही. ढिला पट्टा पाचटात अडकतो, बंदूक घसरते आणि सावरताना हात नेमका चापावर जातो.

खांद्यावरची बंदूक रिकामीच हवी. काडतुसे खिशात ठेवा. ठासणीची असेल तर घरून ठासून निघूच नका. पाट, बांध, तारेचे कुंपण ओलांडताना ती खांद्यावरून काढा आणि तोंड माणसांकडे करू नका. पावसात तोंड खाली करून अडकवली तर चिखल शिरला का ते पाहा. नळी तुंबली असेल तर बार काढताना ती फुटते.

डुक्कर मारायलाही वनखात्याची परवानगी लागते. बिबट्याला तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. दिसला तर शांतपणे मागे सरा आणि वनखात्याला कळवा.

बंधूंनो, उसाला खोडवा येतो, माणसाला येत नाही!