लिगामेंट फाटलं, मग ऑपरेशन कोणतं?

पावसाळ्यात रिसोड तालुक्यातल्या एखाद्या पांदणीवर मोटारसायकल घसरते, पाय चिखलात रुततो आणि अंग मात्र फिरतं. किंवा कबड्डीत चढाईला गेलेला पोरगा धावता धावता एका पायावर गर्रकन वळतो. दोन्ही वेळा गुडघ्यात कट्‌दिशी आवाज होतो आणि दोन-चार तासांत गुडघा टम्म सुजतो. दुसऱ्या दिवशीच्या एक्स-रेत हाड शाबूत दिसतं. घरचे सुटकेचा श्वास टाकतात, कुणीतरी ‘नस चढली’ म्हणतं आणि चोळायला तेल गरम व्हायला लागतं.

पहिला गैरसमज इथेच होतो. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, लिगामेंट दिसत नाही. दुखापतीनंतर काही तासांतच गुडघा फुगला तर सांध्याच्या आत रक्तस्राव झाला आहे असं समजावं, आणि त्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे फाटलेलं एसीएल. मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या मधोमध तिरकं जोडणारा हा जेमतेम तीन सेंटिमीटरचा पट्टा नडगीला पुढे सरकू देत नाही आणि वळताना गुडघा सावरतो. आतून रक्त येत असलेला गुडघा चोळला की सूज वाढते. पहिले काही दिवस बर्फाचा शेक, क्रेप बँडेज, पाय उंचावर आणि विश्रांती, मग अस्थिरोगतज्ज्ञ. गुडघा थोडा वाकवून नडगी हातानं पुढे ओढून पाहण्याची साधी ‘लॅकमन’ तपासणी सरावलेल्या हातांना बरंच सांगून जाते. एमआरआयमध्ये त्याची खात्री पटते आणि गादीला, म्हणजे मेनिस्कसला, इजा झाली आहे का तेही कळतं.

तरीही एक्स-रे काढायलाच हवा. मोटारसायकलवरून पडणाऱ्यांमध्ये कधी कधी लिगामेंट मधून फाटत नाही, ते जिथे चिकटलेलं असतं तिथला हाडाचा तुकडाच उपटून निघतो. मागच्या लिगामेंटच्या, म्हणजे पीसीएलच्या बाबतीत आपल्याकडे हे नेहमी दिसतं. अशा वेळी नवं लिगामेंट बनवण्याची गरजच नसते. तो तुकडा स्क्रूनं किंवा टाक्यानं जागेवर बसवला की मूळ लिगामेंट कामाला लागतं. मात्र हे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत झालेलं बरं. तेल चोळण्यात महिना गेला तर ही सोपी वाट अवघड होऊन बसते.

‘एमआरआयमध्ये फाटलेलं दिसलं, म्हणजे ऑपरेशन आलंच’

नाही. एमआरआयचा कागद वाचून ऑपरेशन ठरत नाही, गुडघा चालता-वळताना दगा देतो का यावर ठरतं. स्वीडनमध्ये १२१ तरुण, खेळत्या रुग्णांचे दोन गट करून एक अभ्यास झाला. एका गटाचं लवकर ऑपरेशन केलं. दुसऱ्या गटाला आधी शिस्तशीर व्यायाम दिला आणि गरज वाटली तरच पुढे ऑपरेशन. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०१० साली निष्कर्ष आले, तेव्हा दोन वर्षांनंतरच्या तब्येतीत दोन्ही गटांत फरक सापडला नाही. पाच वर्षांनंतरही चित्र तेच राहिलं, आणि व्यायामाच्या गटातल्या जवळपास निम्म्यांना ऑपरेशन लागलंच नव्हतं.

या अभ्यासावरून ऑपरेशन बिनकामाचं असं म्हणणारेही चुकतात. ब्रिटनमधल्या ३१६ रुग्णांचा अभ्यास २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’नं छापला. दुखापत जुनी झालेली आणि गुडघा अजून सटकतोच आहे, असे हे रुग्ण होते. त्यांच्यात ऑपरेशनचा गट सरस ठरला, आणि व्यायामाच्या गटातल्या ४१ टक्के लोकांनी नंतर ऑपरेशन करून घेतलं. दोन्ही अभ्यास एकत्र ठेवले की माझ्या मते वाट स्पष्ट दिसते. ताज्या दुखापतीत तीन महिने मन लावून व्यायाम करावा. तरीही बांधावरून उतरताना, जिन्यावर किंवा वळताना गुडघा निसटत असेल तर ऑपरेशन टाळू नये. प्रत्येक निसटण्यात गादी चिरडली जाते, आणि गादी गेली की तिची भरपाई नाही. बसून काम करणाऱ्या पन्नाशीच्या माणसाचा गुडघा स्थिर असेल तर तो ऑपरेशनशिवाय चांगला जगू शकतो. कबड्डी खेळणाऱ्या विशीतल्या मुलाचं गणित वेगळं आहे.

‘एसीएल कधीच जुळत नाही’ हेही आता पूर्ण खरं राहिलेलं नाही. सिडनीच्या डॉक्टरांनी दुखापतीनंतर लगेच गुडघा ९० अंशांत वाकवून चार आठवडे पट्ट्यात जखडून ठेवला आणि नंतर हळूहळू सरळ केला. अशा ८० रुग्णांचा अहवाल २०२३ मध्ये आला. तीन महिन्यांनी ९० टक्के रुग्णांच्या एमआरआयमध्ये लिगामेंट जुळताना दिसलं. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून औषधही द्यावं लागतं. घरच्या घरी पाय बांधून बसण्याचा हा उपाय नाही.

‘जितकं लवकर, तितकं चांगलं’

सुजलेल्या, सरळ न होणाऱ्या गुडघ्यावर घाईनं केलेल्या ऑपरेशननंतर गुडघा कायमचा आखडण्याची भीती असते. आधी सूज उतरावी, गुडघा पूर्ण सरळ व्हावा, मांडीचा स्नायू आवळता यावा. याला सहसा काही आठवडे लागतात. ‘सोयाबीन निघाल्यावर करू’ असं शेतकरी म्हणतो तेव्हा तो दरवेळी निष्काळजीपणा करत नसतो. गुडघा सटकत नसेल आणि व्यायाम चालू असेल, तर महिना-दीड महिना थांबल्यानं बिघडत नाही. थांबू नये असे प्रसंग वेगळे: फाटलेली गादी अडकून गुडघा लॉक झालेला, हाडाचा तुकडा उपटलेला, किंवा अनेक लिगामेंट एकदम तुटून गुडघा निखळलेला. गुडघा निखळल्यावर पाऊल गार पडलं, पांढरं पडलं, तर रक्तवाहिनी दबली किंवा फाटली असू शकते. तेव्हा एकेक तास मोलाचा असतो. थेट मोठं रुग्णालय गाठावं.

‘लेझरनं करून घेऊ, चिरफाड नको’

हे ऑपरेशन दुर्बिणीनं होतं, लेझरनं नाही. छोट्या छिद्रांतून कॅमेरा आणि हत्यारं आत जातात, आणि ग्राफ्ट, म्हणजे नवं लिगामेंट बनवायला लागणारा शरीरातलाच दुसरा पट्टा, काढायला एक वेगळा लहान छेद घ्यावा लागतो. बाहेरची जखम लहान असली तरी आत हाडात बोगदे पाडलेले असतात. टाके लवकर सुकले म्हणून गुडघा बरा झाला असं धरू नये.

‘फाटलेलंच शिवून टाका’

मनाला पटणारी कल्पना आहे, आणि सर्जननी ती आधीच करून पाहिली आहे. लीड्सच्या मेयो रॉबसन यांनी १८९५ मध्येच एसीएल शिवलं होतं. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकी सैन्यातल्या शिवलेल्या गुडघ्यांचा पाच वर्षांनी हिशेब घेतला, तेव्हा त्यातले बरेचसे निकामी निघाले. सांध्यातल्या पाण्यात रक्ताची गुठळी टिकत नाही, त्यामुळे टोकं सांधण्याला आधारच मिळत नाही. म्हणून शिवण्याऐवजी शरीरातलाच दुसरा पट्टा लावून नवं लिगामेंट बनवण्याची रीत रुळली. आता शिवणं काही प्रमाणात परतलं आहे. लिगामेंट अगदी वरच्या टोकाशी, हाडापासून सुटलं असेल आणि दुखापत ताजी असेल, तर काही सर्जन ते परत बसवून मजबूत धाग्याचा आधार देतात. बोस्टनमध्ये तयार झालेल्या ‘बेअर’ या प्रथिनाच्या स्पंजला अमेरिकी औषध प्रशासनानं डिसेंबर २०२० मध्ये मान्यता दिली. तो दोन टोकांमधली फट भरतो. पण मधोमध चिंध्या झालेल्या लिगामेंटसाठी आजही ग्राफ्ट हाच भरवशाचा मार्ग आहे.

‘सगळ्यात चांगला ग्राफ्ट कोणता, तोच लावा’

सगळ्यांना सारखा चालेल असा ग्राफ्ट नाही. त्यामुळे आपल्या गुडघ्याला रोज काय करावं लागतं, हे रुग्णानं डॉक्टरांना सविस्तर सांगायला हवं.

आपल्याकडे जास्त वापरला जातो तो हॅमस्ट्रिंग ग्राफ्ट. मांडीच्या मागच्या स्नायूंचे दोन स्नायूबंध गुडघ्याच्या आतल्या अंगाच्या छेदातून काढून दुमडून लावतात. पुढून दुखत नाही, जखम लहान. पण पाय मागे खेचण्याची ताकद थोडी घटते, आणि फार तरुण खेळाडूंमध्ये तो फाटण्याचं प्रमाण जास्त आढळलं आहे. अमेरिकेतल्या ‘मून’ गटाच्या अभ्यासात १४ ते २२ वर्षांच्या खेळाडूंमध्ये ही शक्यता पाटेलर ग्राफ्टच्या सुमारे दुप्पट निघाली.

पाटेलर ग्राफ्ट म्हणजे वाटीपासून नडगीपर्यंतच्या पट्ट्याचा मधला भाग, दोन्ही टोकांना हाडाचा तुकडा ठेवून काढलेला. हाडाला हाड लवकर जुळतं, म्हणून जोरदार खेळणाऱ्यांसाठी अनेक सर्जन तोच निवडतात. पण गुडघा टेकताना पुढे दुखण्याचा त्रास यात जास्त. निंदायला गुडघे टेकून सरकणाऱ्या बाईला, नमाज पढणाऱ्याला, फरशी बसवणाऱ्या गवंड्याला हा त्रास दिवसातून कितीतरी वेळा आठवेल. पाश्चात्त्य पुस्तकांत मैदानावर परतणं हेच यश धरलेलं असतं. रिसोडच्या माणसाला उकिडवं बसता येणं आणि मांडी घालून जेवता येणं तितकंच महत्त्वाचं आहे, आणि ते सांगायला त्यानं संकोच करू नये. व्यायाम नीट झाला तर बहुतेकांना काही महिन्यांनी हे जमतं. गादी शिवली असेल तर जास्त थांबावं लागतं.

वाटीच्या वरचा क्वाड्रिसेप्स ग्राफ्ट जाड आणि मजबूत असतो, त्याचा वापर वाढतो आहे. घोट्याच्या बाहेरच्या अंगाचा पेरोनिअस लाँगस भारतात बराच वापरतात. एकापेक्षा जास्त लिगामेंट गेली असतील तेव्हा तो फार उपयोगी पडतो, कारण गुडघ्याभोवतालच्या स्नायूंना हातच लागत नाही. मृत दात्याचा ग्राफ्ट आणि कृत्रिम लिगामेंट यांच्याबद्दल ‘महाग म्हणजे उत्तम’ असा समज आहे. तरुणांमध्ये दात्याचा ग्राफ्ट स्वतःच्या ग्राफ्टपेक्षा कितीतरी जास्त वेळा फाटतो. १९८० च्या दशकातली कृत्रिम लिगामेंट तर झिजून, तुटून, सांध्यात दाह निर्माण करून बदनाम झाली. पहिल्याच ऑपरेशनला स्वतःचा ग्राफ्ट उपलब्ध असताना यांच्यावर जास्त पैसा घालू नये, असं माझं ठाम मत आहे.

जास्तीचा खर्च सार्थकी लागू शकेल अशी एक जोड आहे. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला एक पट्टी बसवून वळणाला आळा घालतात, तिला ‘लेट’ म्हणतात. १४ ते २५ वयाच्या ६१८ रुग्णांच्या अभ्यासात नुसत्या हॅमस्ट्रिंगचे ११ टक्के ग्राफ्ट दोन वर्षांत फाटले, ‘लेट’ जोडल्यावर ४ टक्के. गुडघा फार सैल असलेल्या तरुण खेळाडूनं याबद्दल जरूर विचारावं.

‘तीन महिन्यांत मैदानावर’

सगळ्यात जास्त नुकसान या समजानं होतं. लावलेला ग्राफ्ट आधी निर्जीव असतो. शरीर त्यात हळूहळू रक्तवाहिन्या घालतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, सूज-दुखणं गेलेलं असताना, तो सगळ्यात कच्चा असतो. १०६ रुग्णांच्या नॉर्वे-अमेरिकी अभ्यासात खेळावर परतणं नऊ महिन्यांपर्यंत जितके महिने लांबवलं, तितकी दर महिन्यामागे पुन्हा दुखापतीची शक्यता सुमारे निम्म्यानं घटत गेली. रिओ ऑलिम्पिकमध्ये चौथी आलेल्या जिम्नॅस्ट दीपा कर्माकरच्या एसीएलचं ऑपरेशन एप्रिल २०१७ मध्ये मुंबईत झालं. मर्सिनच्या स्पर्धेत तिला सुवर्णपदक मिळालं जुलै २०१८ मध्ये. ३० डिसेंबर २०२२ च्या अपघातानंतर ऋषभ पंतच्या गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशनही मुंबईतच झालं, आणि तो आयपीएलमध्ये उतरला २३ मार्च २०२४ ला. फिजिओ दिवसभर दिमतीला असलेल्या खेळाडूंना एवढा वेळ लागला. आपल्या पोराला दसऱ्याच्या स्पर्धेची घाई करू नये.

ऑपरेशन केलं की पुढे गुडघा झिजणार नाही, असंही कुणी समजू नये. त्याचा पुरावा नाही. गादी वाचवणं, वजन आटोक्यात ठेवणं आणि मांडीचा स्नायू मजबूत ठेवणं यांचाच आधार घ्यावा लागतो.

खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत अंगीकृत असलेल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, किंवा १५५३८८ या क्रमांकावर, आपलं ऑपरेशन त्यात बसतं का हे आधी विचारावं. आणि ऑपरेशनची तारीख घेण्याआधी आणखी एक गोष्ट ठरवावी. अकोला, संभाजीनगर किंवा नागपूरला ऑपरेशन झालं, तरी पुढचे नऊ महिने व्यायाम रिसोडच्या घरातच व्हायचा आहे. तो कोण शिकवणार, दर किती आठवड्यांनी कुणाला दाखवायचं, शेतातलं काम कुणी सांभाळायचं, हे डॉक्टरांसमोर आणि घरच्यांसमोर बोलून घ्या. त्याची सोय लागत नसेल तर तारीख पुढे ढकला.