अंगठ्याने दिलेले दुखणे

माझा दवाखाना मंडईच्या मागच्या बाजूला आहे. त्यामुळे सकाळचे पहिले पेशंट बहुधा मंडईतलेच असतात. हमाल, गाळेवाले, भाजी घेऊन घरी जाता जाता बी.पी. तपासून घेणारे आजोबा. यांतल्याच एक मावशी गेली अकरा-बारा वर्षे माझ्याकडे रक्तदाबाच्या गोळ्या घेतात. आले, लिंबू, मिरची, कोथिंबीर असा त्यांचा माल. गोळी चुकवायची नाही, वरून मीठ घ्यायचे नाही, हे पथ्य त्या काटेकोर पाळतात. म्हणूनच गेल्या हिवाळ्यात एके दिवशी त्यांचा रक्तदाब १८०/११० आला, तेव्हा मी यंत्र बदलून पुन्हा मोजला. आकडा तोच. सर्वसाधारणपणे १४०/९० च्या वर गेला की आम्ही रक्तदाब वाढला म्हणतो, हे वाचकांना ठाऊक असेलच.

नेहमीची चौकशी केली. लोणचे-पापड नाही, गोळ्या वेळेवर, दुसरे काही औषध नाही. झोपेचे विचारले तेव्हा मावशी गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, पंधरा दिवस झाले, अण्णा बोलत नाहीत."

अण्णा म्हणजे त्यांच्या शेजारच्या गाळ्यावरचे कांदे-बटाटेवाले. तीस वर्षांचा शेजार. मावशी जेवायला गेल्या की त्यांचे गिऱ्हाईक अण्णा करायचे आणि पैसे मोजून त्यांच्या गल्ल्यात टाकायचे. अण्णांच्या मुलीच्या लग्नात मावशी चार दिवस राबल्या होत्या. बिघडले ते असे. व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअॅपवरच्या गटात कोणीतरी लिहिले, की काही जणांच्या काट्यात खोट आहे, त्यामुळे सगळ्यांचे नाव खराब होते. त्याखाली दुसऱ्याने मावशींच्या गाळ्याचा स्पष्ट उल्लेख केला. मग त्याखाली धडाधड अंगठे उमटले. मावशींनी ते मोजले होते. "सतरा अंगठे होते डॉक्टर. सोळांचं काही वाटलं नाही. सतरावा अण्णांचा होता."

रोज रात्री बारा-एक वाजता जाग आली की त्या फोन उघडून तो अंगठा पुन्हा पाहत. सकाळी गाळ्यावर मान खाली घालून बसत. अण्णाही गप्प. दोघांच्यामध्ये हातभराचे अंतर आणि पंधरा दिवसांचा अबोला.

राग शरीरात काय करतो?

अपमान झाला किंवा संताप आला, की आपल्या शरीराला तो अंगावर आलेल्या संकटासारखाच वाटतो. मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या बसलेल्या दोन छोट्या ग्रंथींतून अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही द्रव्ये रक्तात उतरतात. हृदय जोरात धडधडू लागते, रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी निसर्गाने केलेली ही सोय आहे. संकट टळले की सारे पूर्वपदावर येते. एका भांडणाने कोणाला कायमचा रक्तदाब जडत नाही. परंतु तेच संकट रोज रात्री उशाशी ठेवून झोपले, तर शरीराला विसावा कधी मिळणार? झोप मोडते. झोप मोडली की रक्तदाब आणि रक्तातील साखर दोन्ही आवरणे कठीण जाते. चिडचिड वाढते, आणि चिडलेल्या माणसाच्या हातून आणखी एक कडू संदेश जातो.

भांडण मंडईला नवे नाही. १८८६ साली रे मार्केट म्हणून सुरू झालेल्या आणि पुढे महात्मा फुल्यांचे नाव लाभलेल्या या मंडईला पुणेकर थट्टेने 'मंडई विद्यापीठ' म्हणत आले आहेत. तिथल्या कट्ट्यांवरचे वाद मी लहानपणापासून ऐकतो आहे. गिऱ्हाइकाशी घासाघीस, पाटी कुठे ठेवायची यावरून हमरीतुमरी, निवडणुकीच्या दिवसांत तर विचारायलाच नको. पण या भांडणाला काही आपोआप पडणाऱ्या मर्यादा होत्या. समोर चेहरा असे. शब्द लागला की तो चेहऱ्यावर दिसे, आणि बोलणाऱ्याची जीभ थोडी आखडे. चार लोक मध्ये पडत, कोणीतरी चहा सांगे. शिवाय उद्या सुटे पैसे त्याच्याकडेच मागायचे आहेत, हे दोघांनाही ठाऊक असे. आणि बोललेले हवेत विरून जाई.

फोनवर यांतले काहीच नाही. चेहरा दिसत नाही, आवाजातला ओलावा ऐकू येत नाही. भांडण दोघांत न राहता दोनशे लोकांसमोर होते, त्यामुळे माघार घेणे म्हणजे नाक कापून घेणे वाटते. आणि लिहिलेले तसेच राहते, हवे तेव्हा पुन्हा वाचायला. समोरासमोर सौम्य असणारी माणसे पडद्याआड कशी सैल सुटतात, याची कारणे जॉन सुलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने २००४ साली एका लेखात मांडली होती. तेव्हा आपल्याकडे व्हॉट्सअॅप नव्हते. त्याने सांगितलेल्या कारणांत समोरच्याने आपल्याला न पाहणे आणि उत्तर ताबडतोब न येणे ही दोन प्रमुख आहेत. मावशींच्या गटातले सतराही जण त्यांना ओळखत होते. पण अंगठा उठवताना त्यांचे डोळे कोणालाच दिसत नव्हते.

माझी स्वतःची चूक

हे सगळे मी मोठ्या शहाणपणाने सांगतो आहे असे वाटेल, म्हणून एक कबुली देतो. ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातले पहिले करोना रुग्ण पुण्यातच आढळले. दुबईहून परतलेले ते दांपत्य नायडू रुग्णालयात दाखल झाले, आणि पाठोपाठ त्यांची माहिती फोनवरून गावभर फिरू लागली. २५ मार्चला, गुढीपाडव्याच्या दिवशी, ते दोघे बरे होऊन घरी गेले. पण रुग्णाचे नाव फिरवायची जी खोड लोकांना लागली, ती मागे राहिली.

एप्रिलमध्ये पेठांचा बराच भाग सील झाला. त्याच दिवसांत एका संध्याकाळी मला संदेश आला. त्यात आमच्या भागातल्या एका तरुणाचे नाव, वाड्याचा पत्ता आणि 'सावध राहा' अशी सूचना. मी तो दोन गटांत पुढे पाठवला. हेतू वाईट नव्हता. लोक जपतील, एवढाच विचार केला. मी डॉक्टर, आणि पेशंटची माहिती बाहेर जाऊ द्यायची नाही हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. पण तो तरुण माझ्या दवाखान्यात तपासायला आलेला नव्हता, म्हणून तो धडा मला आठवला नाही. अंगठ्याला विचार करायला किती वेळ लागतो?

पुढचे मला महिनाभराने कळले. त्या घरी दूधवाला यायचा थांबला. वाड्यातल्यांनी नळावर पाणी भरू दिले नाही. तो मुलगा बरा होत होता, त्याच वेळी त्याच्या आईला ताप आला. तिने तो पाच दिवस लपवला. खोकला येऊ नये म्हणून तोंडात पदराचा बोळा धरून बसायची. कारण एकच, पुन्हा नाव फिरेल. रुग्णालयात नेले तेव्हा श्वास लागलेला होता. म्हातारी वाचली, पण बरेच दिवस ऑक्सिजनवर काढून. मी त्या मुलाला भेटून माफी मागितली. त्याने ऐकून घेतले. पूर्वी त्यांचे सगळे घर माझ्याकडे यायचे. त्यानंतर त्यांच्यापैकी कोणीही माझ्या दवाखान्याची पायरी चढलेले नाही.

रोगाची लाज वाटायला लावली की माणसे रोग लपवतात, आणि लपवलेला रोग उशिरा हाती लागतो. क्षय आणि कुष्ठरोगाच्या बाबतीत हे आम्ही पिढ्यान्पिढ्या पाहिले होते. फोनने त्याला वेग दिला.

भीती कुठवर नेते

याचे टोक महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी पाहिले. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी आठवडी बाजाराचा दिवस होता. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश कित्येक दिवस फोनवरून फिरत होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, भिक्षा मागून पोट भरणारे पाच जण त्या दिवशी तिथे आले. संशय आला, जमाव जमला आणि पाचही जणांना ठेचून मारण्यात आले. टोळी खरी नव्हतीच. मला यात सर्वांत अस्वस्थ करते ते ठिकाण. बाजार ही अनोळखी माणसाशी बोलायची जागा. कुठून आलात, माल कसा, असे सहज विचारायची. तिथे विचारपूस करण्याआधीच निकाल लागला, कारण निकाल खिशात तयार होता.

त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. एप्रिल २०२० मध्ये पुष्कळ वेळा फिरून आलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले. उपाय योग्यच. पण अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी ट्विटरवरच्या २००६ ते २०१७ या काळातल्या बातम्या तपासून २०१८ साली दाखवून दिले, की खोटी बातमी पसरण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी अधिक होती. आणि ती पसरवणारी यंत्रे कमी, माणसे जास्त होती. तेव्हा पथ्य यंत्राइतकेच आपल्यालाही हवे.

पथ्य

१. राग आला असताना उत्तर लिहू नये. लिहिलेच तर पाठवू नये. सकाळी पुन्हा वाचावे. बहुतेक वेळा ते पाठवावेसे वाटत नाही.

२. एखाद्याचे नाव, फोटो, पत्ता किंवा आजार असलेला संदेश आपल्यापाशीच थांबवावा. तो खरा असला तरीही.

३. जे त्या माणसाच्या गाळ्यासमोर उभे राहून बोलता येणार नाही, ते फोनवर लिहू नये. अंगठाही उठवू नये.

४. झोपण्यापूर्वी तासभर फोन दूर, शक्यतो दुसऱ्या खोलीत ठेवावा. रक्तदाब आणि मधुमेहाच्या पेशंटांनी तर नक्कीच.

५. मन फार खचले, झोप उडाली, जिवाचे बरेवाईट करावेसे वाटू लागले, तर एकट्याने सोसू नये. डॉक्टरांना सांगावे. सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो विनाशुल्क असून चोवीस तास चालतो.

मावशींची गोळी मी वाढवली, आणि जोडीला एक औषध तोंडी सांगितले. उद्या सकाळी भवानी व्हायच्या आधी अण्णांना समोर जाऊन विचारा. नुसते विचारा, भांडू नका. त्या म्हणाल्या, "आणि हो म्हणाले तर?" मी म्हटले, "तर निदान कळेल. रात्री उठून बघावं लागणार नाही."

आठवड्याने त्या आल्या. रक्तदाब १४६/९०. अण्णांनी अंगठा दिला होता तो पहिल्या संदेशाला. सगळ्यांनी काटे तपासून घ्यावेत, एवढेच त्यांना म्हणायचे होते. तो पोहोचेपर्यंत मध्ये दुसऱ्याचा संदेश आला आणि अण्णांचा अंगठा नेमका त्याखाली जाऊन पडला. त्यांना पत्ताच नव्हता. उलट मावशीच का बोलत नाहीत, म्हणून तेही पंधरा दिवस घुसमटत होते. मी विचारले, "मग तुम्ही का नाही विचारलंत, असं त्यांना म्हणालात का?" मावशी म्हणाल्या, "म्हणाले ना. तर म्हणतात, फोन करावा की नको हेच ठरेना."

शेजारच्या गाळ्यावर बसलेल्या बाईला फोन! असो. गुण गोळीचा की त्या सकाळच्या विचारपुशीचा, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण गोळी तेवढीच ठेवली आहे, आणि त्या रात्री झोपतात.