असीरगड : पेशवाईच्या अस्ताचा साक्षीदार

इंदूरहून खंडव्यामार्गे बुऱ्हाणपूरकडे जाताना, बुऱ्हाणपूरच्या अलीकडे सुमारे वीस किलोमीटरांवर सातपुड्याच्या एका उंच कड्यावर असीरगडाची तटबंदी दिसू लागते. नर्मदा आणि तापी यांच्या खोऱ्यांमधील ही वाट ज्याच्या हाती, त्याच्या हाती दक्षिणेचे दार. म्हणूनच या गडास ‘दख्खनचा दरवाजा’ हे नाव पडले.

फिरिश्त्याच्या तवारिखेनुसार हा गड आसा अहीर नावाच्या श्रीमंत गवळीराजाचा. इ. स. १४०० च्या सुमारास खानदेशच्या नासिरखान फारुकीने आपल्या कुटुंबासाठी त्याच्याकडे आश्रय मागितला आणि डोल्यांतून स्त्रियांऐवजी हत्यारबंद शिपाई गडावर पाठविले. स्वागतास सामोरा गेलेला आसा मुलांसह मारला गेला. पुढे दोनशे वर्षांनी अकबराने वेढा घातला, तेव्हाही तट ढासळला नाही. बोलणी करावयास आलेल्या बहादूरखान फारुकीस छावणीतच अडकवून ठेवण्यात आले. गड पडण्याचे कारण मोगल इतिहासकार रोगराई सांगतात, तर जेझुइट पाद्र्यांच्या वृत्तांत लाचेचे सोने दिसते. जानेवारी १६०१ मध्ये दरवाजे उघडले. बहादूरखानाची रवानगी ग्वाल्हेरच्या बंदिवासात झाली.

१७६० मध्ये उदगीरच्या विजयानंतर सदाशिवरावभाऊंनी निजामाकडून जे किल्ले मिळविले, त्यांत असीरगडही होता. पुढे तो शिंद्यांकडे आला. असईच्या पराभवानंतर, ऑक्टोबर १८०३ मध्ये, कर्नल स्टीव्हन्सनने तोफा डागताच तो इंग्रजांच्या हाती गेला; मात्र सुर्जी-अंजनगावच्या तहाने शिंद्यांस परत मिळाला.

जून १८१८ मध्ये दुसरे बाजीराव पेशवे माल्कमच्या स्वाधीन झाले, ते याच गडाच्या परिसरात. पेशवाई बुडाली, तरी गडावरील निशाण उतरले नव्हते. नागपूरचे परागंदा अप्पासाहेब भोसले यांना गडाचा आसरा मिळाल्याने इंग्रजांनी गड मागितला. किल्लेदार जसवंतराव लाड यांनी तो देण्याचे नाकारले. मार्च १८१९ मध्ये डव्हटन आणि माल्कम यांनी वेढा घातला. सुमारे तीन आठवड्यांच्या भडिमारानंतर ९ एप्रिल रोजी गड पडला; अप्पासाहेब तत्पूर्वीच निसटले होते. आत दौलतराव शिंद्यांचे एक पत्र सापडले. उघडपणे गड सोपविण्यास संमती देणाऱ्या धन्याने गुप्तपणे किल्लेदारास पेशव्यांची आज्ञा पाळण्यास सांगितले होते! नासिरखानास डोल्यांनी आणि अकबरास सोन्याने जो गड मिळाला, तो या वेळी मात्र लढून घ्यावा लागला. किल्लेदाराच्या निष्ठेस याहून मोठी साक्ष कोणती?

आज गड पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. जामा मशिदीचे मिनार, पाण्याचे तलाव आणि महादेवाचे देऊळ अद्याप उभे आहेत. त्या पिंडीवर अश्वत्थामा नित्य फूल वाहतो, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. मराठी सत्तेचा अस्त म्हटला, की आपल्या मुलांना शनिवारवाडा आठवतो. त्या अस्ताचे शेवटचे पान मात्र पुण्यात नव्हे, आपल्या इंदूरपासून काही तासांच्या वाटेवर लिहिले गेले, हे त्यांना घरातूनच कळावयास हवे.