निविदापत्र
निविदापत्र : शासकीय अथवा सार्वजनिक संस्थेने प्रसिद्ध केलेल्या निविदा-सूचनेस अनुसरून पुरवठादार वा कंत्राटदार जे लेखी देकारपत्र सादर करतो, त्यास निविदापत्र म्हणतात. दरपत्रक, अनुभवाचे दाखले इ. कागदपत्रांच्या अग्रभागी ते असल्यामुळे पुष्कळदा त्यास केवळ सोबतचे पत्र मानण्यात येते. ही समजूत चुकीची आहे. भारतीय संविदा अधिनियम, १८७२ मधील तत्त्वांनुसार निविदा-सूचना ही सामान्यतः प्रस्ताव मागविणारे निमंत्रण असते. प्रस्ताव करतो तो निविदाकार आणि त्याचे बंधनकारक शब्द या पत्रातच असतात.

पत्रात निविदा-सूचनेचा क्रमांक व दिनांक, कामाचे नाव, नंतर निघालेल्या शुद्धिपत्रकांची पोच, देकाराचा वैधता कालावधी, बयाणा रकमेचा तपशील आणि स्वीकृतीनंतर सुरक्षा ठेव भरून करारनामा करण्याची हमी यांचा समावेश होतो. देकाराची रक्कम अंकी व अक्षरी लिहितात. मात्र द्विलिफाफा पद्धतीत तांत्रिक लिफाफा आधी उघडला जात असल्याने त्यातील पत्रात किंमत उघड केल्यास निविदा बाद होऊ शकते. सही करणाऱ्यास मुखत्यारपत्राने वा संचालक मंडळाच्या ठरावाने तसा अधिकार मिळालेला असावा लागतो. संस्थेने नमुना दिला असल्यास तो जसाच्या तसा वापरणे इष्ट.

घात बहुधा जादा वाक्यांनी होतो. ‘पोलादाचे भाव स्थिर राहतील असे गृहीत धरून’ किंवा ‘आगाऊ रक्कम मिळाल्यास’ असा एखादा शब्दसमूह देकार सशर्त करतो आणि मग सर्वांत कमी दराची निविदाही फेटाळली जाते. अटींविषयीच्या शंका निविदापूर्व बैठकीत मांडावयाच्या असतात.

स्वीकृती रवाना होण्यापूर्वी प्रस्ताव मागे घेता येतो (कलम ५). तथापि वैधता कालावधीत तसे केल्यास अटींनुसार बयाणा रक्कम जप्त होऊ शकते. अशी जप्ती सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ग्राह्य ठरविली. अटी संस्थेलाही बांधून ठेवतात. मुंबई विमानतळावरील उपाहारगृहाच्या निविदेत पाच वर्षांच्या अनुभवाची अट होती; ती पूर्ण न करणाऱ्याची निविदा स्वीकारण्यात आली. जाहीर केलेली पात्रतेची अट मनमानीने डावलता येत नाही, असे १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. अर्जदारास मात्र, विलंबादी कारणांमुळे, प्रत्यक्ष दाद मिळाली नाही.

ई-निविदा पद्धतीत लाखबंद लिफाफ्याची जागा सांकेतिक कुलूपबंद संगणकीय संचिकेने आणि शाईच्या सहीची जागा अंकीय स्वाक्षरीने घेतली आहे. पत्रातील मजकुराचा विधिमूल्यार्थ त्यामुळे बदललेला नाही. विहित वेळ टळताच यंत्रणा संचिका स्वीकारणे थांबविते, एवढेच.