सायकल दारी आली, पण सातबारा कुणाच्या नावावर?

पूर्णा हे रेल्वेचे गाव. मनमाड, सिकंदराबाद आणि अकोल्याकडे जाणारे लोहमार्ग इथे एकत्र येतात. आमच्या लहानपणी स्टेशनाबाहेर तासावर भाड्याने सायकल मिळायची. रेल्वेत खलाशी, गँगमन म्हणून लागलेली आपली माणसे सायकलवर ड्युटीला जात आणि सुटीच्या दिवशी तीच सायकल दामटीत खेड्यापाड्यांत जयंतीच्या बैठका घेत. चळवळ मराठवाड्यात पायी फिरली, तशी सायकलवरही फिरली.

आता सायकल सुखवस्तू माणसांची हौस झाली आहे. गेल्या हिवाळ्यात पुण्याकडचे चार सायकलस्वार नांदेडला निघाले होते. चाक पंक्चर झाले म्हणून ते तालुक्यातल्या एका बौद्ध शेतकऱ्याच्या आखाड्यावर थांबले. घरच्या बाईने ज्वारीच्या भाकरी टाकल्या, ठेचा वाटला, पोराने हुरडा भाजला. पाहुणे रात्री तिथेच झोपले आणि सकाळी नको म्हणत असताना दीड हजार रुपये ठेवून गेले.

तो शेतकरी पुढे दुसऱ्याच कामासाठी माझ्याकडे आला. काम संपल्यावर म्हणाला, “वकीलसाहेब, असे पाहुणे महिन्यातून दोनदा आले तरी पोराला कंपनीत धाडायची गरज नाही. पण रीतसर करायचं तर कागद लागतो म्हणतेत.” त्याचे ‘दुसरे काम’ म्हणजे अतिक्रमणाची नोटीस. बापाच्या काळापासून कसत असलेली दोन एकर जमीन गायरानाची. सातबाऱ्यावर नाव नाही. या एका माणसाच्या प्रश्नात आजच्या लेखाचा सगळा विषय आला आहे.

कृषी पर्यटन महाराष्ट्राला नवे नाही. २००५ साली पांडुरंग तावरे यांनी बारामती तालुक्यातील पळशीवाडी येथे त्याची सुरुवात केली. २०२० साली राज्य शासनाने कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. एक एकर शेती असलेल्यालाही त्यात नोंदणी करता येते. नोंदणी झाली की बँकेच्या कर्जाचा मार्ग खुला होतो. सायकल पर्यटन हे त्याच्याच पुढचे पाऊल. युरोपात डॅन्यूब नदीच्या काठाने पासाऊपासून व्हिएन्नापर्यंत सुमारे ३२० किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. द्राक्षमळ्यांतून, फळबागांतून तो जातो आणि वाटेतली शेतकरी कुटुंबे प्रवाशांना खोल्या देतात, घरचे जेवण आणि घरची वाइन विकतात. मोटारवाला शंभर किलोमीटर न थांबता जातो. सायकलवाल्याला मात्र दर दहा-पंधरा किलोमीटरला पाणी लागते, सावली लागते, जेवण लागते. त्याचा पैसा वाटेवरच्या गावात पडतो, हे या धंद्याचे साधे गणित आहे.

याचा शेतजमीन वाचण्याशी काय संबंध? १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ च्या कृषी गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. एवढ्याशा तुकड्यावर कुटुंब जगत नाही. दवाखाना निघाला, मुलीचे लग्न निघाले, की अर्धा एकर जातो. वर्षभरात वीस-पंचवीस हजार रुपये वरकड आले, तर तो अर्धा एकर जागेवर राहतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर प्रबंध लिहिला. केवळ तुकडे जोडून शेती सुधारणार नाही, शेत किती मोठे यापेक्षा त्यात भांडवल आणि श्रम किती लागतात हे महत्त्वाचे, असे त्यांचे म्हणणे होते. शेतीवर माणसांचा भार जास्त आहे, तो उद्योगधंद्यांनी कमी केला पाहिजे, हा त्यांचा उपाय होता. शेत न विकता घरातल्या रिकाम्या हातांना काम मिळत असेल, तर ते या विचाराच्या जवळचेच आहे.

पण याच बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याच्या गोडव्यांचा समाचार घेतला होता, हे आपण कसे विसरू? कृषी पर्यटन विकते ते खेड्याचे गोड चित्र. मी पाहिलेल्या एका केंद्रात बारा बलुतेदारांचा देखावा मांडला होता. कुंभाराचे चाक होते, सुताराचा रंधा होता. वेशीबाहेरचे घर मात्र देखाव्यातही नव्हते! शिवाय हा धंदा चुलीचा आणि माठाचा आहे. शहरातून आलेला पाहुणा ‘जेवण कुणाच्या घरचे?’ असे विचारणार नाही कशावरून? आणि गावातला वाटाड्या त्याला बौद्धवाड्यावर आणील कशावरून? त्या चौघांनी विचारले नाही, कारण त्यांना वाटाड्याच नव्हता. पंक्चर झालेल्या चाकाने त्यांना तिथे आणले.

आता रस्त्यांचे पाहा. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाला जोडणारा जालना-नांदेड द्रुतगती मार्ग आपल्या परभणी जिल्ह्यातून आखला गेला. शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीतही जिल्ह्याचे नाव आले आणि २०२४ पासून शेतकरी विरोधात रस्त्यावर उतरले. समृद्धीवर दुचाकीला मनाई आहे, सायकलचे तर नावच नको. ज्याची जमीन रस्त्याखाली जाते, त्याचेच वाहन त्या रस्त्यावर चालत नाही, याला कोणता विकास म्हणायचे? त्यातही सातबारा असणाऱ्याला मोबदला मिळतो. गायरान कसणाऱ्याच्या हाती काय येते?

म्हणून या लेखकाचे म्हणणे स्पष्ट आहे. आपल्यासाठी शेतजमिनीचे जतन सातबाऱ्यापासून सुरू होते. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील कसल्या जाणाऱ्या जमिनीपैकी नऊ टक्क्यांहूनही कमी जमीन अनुसूचित जातींकडे आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर भूमिहीनांनी तुरुंग भरले, ते याच प्रश्नावर. त्यांच्या नावाची सबलीकरण योजना २००४ पासून आहे. चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची तीत तरतूद आहे आणि २०१८ पासून शंभर टक्के अनुदान आहे. पण शासनाच्या दरात जमीन विकायला कुणी पुढे येत नाही आणि अर्ज पडून राहतात.

गायरानाचा कायदाही आपण नीट वाचला पाहिजे. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने मागासवर्गीय भूमिहीनांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. २०११ साली जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जमिनी मोकळ्या करा असे सांगितले. मात्र शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवाद त्याच निकालात आहे. नोटीस काढणारे निकालाचा पहिला भाग दाखवतात. दुसरा भाग आपण दाखवायचा आहे.

तरुणांनी दोन कामे हाती घ्यावीत. पहिले, आपल्या गावात १९९० पूर्वीपासून कोण कोण गायरान कसतो याची यादी करावी. जुनी दंडाची पावती, पंचनामा, पीकपाहणीतली नोंद, जे सापडेल ते एका फाइलीत लावावे. दुसरे, पूर्णा स्टेशनपासून सायकलच्या वाटा आखाव्यात. परभणी, नांदेड किंवा हळदीचे वसमत, यांपैकी कुठेही सायकलने एका दिवसात आरामात पोहोचता येते. परभणीला कृषी विद्यापीठ आहे, दक्षिणेला गोदावरी आहे. या वाटांवर आपल्या शेतकऱ्यांची घरे थांबे म्हणून नोंदवा. धम्म परिषदेला पूर्णेत येणारे उपासक हेच आपले पहिले पाहुणे होऊ शकतात. सुरुवात आपल्या माणसांपासून झाली, तर भाकरी कुणाच्या चुलीवरची हा प्रश्नच उरत नाही.

त्या शेतकऱ्याच्या नोटिशीला उत्तर दिले आहे. १९८७ सालची दंडाची एक पावती त्याच्या आईच्या पेटीत, बाबासाहेबांच्या फोटोमागे सापडली. दंड भरला म्हणून त्या माउलीने पावती जपून ठेवली होती. आज तोच त्यांचा पुरावा आहे. बांधवांनो, आपापल्या घरच्या पेट्या उघडून पाहा.

जयभीम!