फोटोत वजन दिसायला हवं

कोळशाच्या मालगाडीचा फोटो काढायचा म्हटलं की बहुतेक जण इंजिनावर नेम धरतात. इंजिन देखणं असतं, हे खरंच. पण इंजिन एक्सप्रेसलाही असतं. कोळशाची गाडी म्हणजे ओझं. ते फोटोत उतरलं नाही, तर गाडी आली नि गेली एवढीच नोंद उरते, असं माझं ठाम मत आहे.

मी वणीत एका जिनिंगच्या वजनकाट्यावर बसतो. कापसाची मेटाडोर आत वळली की काट्यावर चढायच्या आधीच तिचे पाटे किती दबलेत ते बघायची सवय लागलेली. रविवारी कॅमेरा घेऊन रुळांकडे जातो, तेव्हाही नजर तीच असते.

आमच्या भागात वेस्टर्न कोलफील्ड्सच्या उघड्या खाणी आहेत. खाणीतून ट्रकनं कोळसा सायडिंगवर येतो, तिथे लोडर वाघिणी भरतात. वणीहून निघालेली गाडी वर्धा नदी ओलांडून माजरीला दिल्ली–चेन्नई मार्गाला लागते. या पट्ट्यातला कोळसा कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर अशा वीजकेंद्रांना जातो. एका रेकमध्ये, म्हणजे एका अख्ख्या गाडीत, साधारण ५८ वाघिणी. लांबी ६०० मीटरच्या वर आणि कोळसा ४,००० टनांच्या आसपास.

हे वजन दिसतं कुठे? वाघिणीच्या चाकांजवळ. प्रत्येक वाघिणीखाली दोन बोग्या, म्हणजे चाकांच्या चौकटी, असतात आणि बोगीत गुंडाळीच्या जाड स्प्रिंगांचा जुडगा. रिकामी वाघीण २०–२२ टनांची. तेव्हा स्प्रिंगांचे वेढे मोकळे असतात, मधून पलीकडचा उजेड दिसतो. भरली की तीच वाघीण ९० टनांच्या घरात जाते, वेढे एकमेकांजवळ सरकतात आणि वाघिणीचं धूड खाली बसतं. फाटकाजवळ उकिडवं बसून पाहिलं तर प्रत्येक चाकाखाली रूळ किंचित दबतो नि लगेच वर येतो, हेही कळतं. एकाच जागेवरून भरलेली आणि रिकामी, अशा दोन गाड्या टिपून शेजारी ठेवाव्यात. फरक कुणालाही समजतो.

पण भर दुपारी हे साधत नाही. ऊन डोक्यावर असलं की वाघिणीची सावली नेमकी बोग्यांवर पडते. हिवाळ्यात संध्याकाळी माजरीच्या पुढे, वरोऱ्याच्या बाजूला, रुळांच्या पश्चिमेला उभं राहावं. कललेलं ऊन पाठीमागून येऊन थेट चाकांत शिरतं. उन्हाळ्यात तापलेल्या खडीवरची हवा अशी थरथरते की लांब लेन्सनं काढलेली कड ठरतच नाही. आणखी एक अडचण काळ्या रंगाची. कॅमेऱ्याला काळा ढीग म्हणजे अंधार वाटतो, तो उजेड वाढवतो आणि कोळसा राखेसारखा करडा होतो. म्हणून एक्स्पोजर मुद्दाम थोडं कमी ठेवायचं.

एकदा इंजिन पुढे गेल्यावरही मी फोटो काढत होतो. बांधावरच्या तुरीत काम करणारे एक काका म्हणाले, "इंजिन तं गेलं ना भाऊ, आता कायचे फोटू काढून राह्यला?"

"भरल्या डब्यांचे, काका."

"भरली हाय का रिकामी, हे मले पाठ करूनबी समजते. रिकामी खडखड करते, भरली घुमते."

त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. कॅमेऱ्याला मात्र आवाज टिपता येत नाही, त्याला स्प्रिंगाच बघाव्या लागतात.

उड्डाणपुलावरून वेगळीच गोष्ट हाती लागते. लोडरनं भरलेल्या वाघिणीत बकेटगणिक उंचवटे राहतात. सायलोखाली, म्हणजे वरून कोळसा सोडणाऱ्या उंच कोठीखाली, भरलेली एकसारखी सपाट दिसते. गाडी कशी भरली ते वरून वाचता येतं. पुलावर ट्रायपॉड किंवा काठी कठड्याबाहेर काढू नये, खाली २५,००० व्होल्टची तार असते. रुळांच्या हद्दीत तर शिरूच नये. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ नुसार त्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. मला हवे असलेले सगळे फोटो कुंपणाबाहेरून मिळतात.

एक सोडून. वीजकेंद्रात टिपलर नावाचं यंत्र आख्खी वाघीण धरून उलटी करतं आणि कोळसा खालच्या खड्ड्यात ओततं. दबलेल्या स्प्रिंगा मोकळ्या होतात त्या तिथे. तो फोटो आतूनच काढावा लागेल. परवानगीचा अर्ज दिलाय.